माशांचं औषध

शिनोलीच्या गोरक्षनं हौसेनं काचेच्या टाकीत पिरान्हा मासे पाळले होते. खाल्लेलं त्यांच्या अंगी लागेना, तेव्हा तो पार पुण्याला पळाला आणि जंतांचं औषध आणून त्यांच्या खाण्यात कालवू लागला. मासे चांगले तळहाताएवढे भरले.

त्याच्या बायकोला, सुंदराला, वर्षभर चक्कर येत होती. "मला दवाखान्यात न्या की," ती म्हणायची.

"बायकांना व्हतंच तसं," तो म्हणायचा.

शेवटी ती एकटीच एसटीनं घोडेगावला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगात रक्तच नाही तुमच्या. गोळ्या घ्या, अंडी खा, मासे खा."

संध्याकाळी गोरक्ष रिकाम्या टाकीपुढं ओरडला, "माझं मासं कुठंयत?"



सुंदरानं कालवणात भाकरी कुस्करली. "माझ्या औषधाला लागलं."