एकवीस लाडवांचा डबा

काट्यावर पार्सल सव्वा किलोनं जास्त भरलं आणि यशश्रीचा चेहरा खुलला.

जाताना पितळी डबा एक किलो शंभर ग्रॅम होता. चांदवडहून परत आला तो दोन किलो साडेतीनशे. पितळाला चांदवडची हवा कितीही मानवली तरी ते एवढं अंग धरत नाही. आत वीट आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. मागे एका सद्गृहस्थांनी डब्याऐवजी अर्धी वीट परत पाठवून पैसे पदरात पाडून घेतले होते. तेव्हापासून पंचवटीतल्या या घरात परत आलेलं प्रत्येक पार्सल कॅमेऱ्यासमोरच फुटायचं.

"बाबा, मोबाइल धरा. माझे हात आणि पार्सल, दोन्ही दिसू देत. आणि मध्ये बोलायचं नाही."

दिवाकरराव म्हणजे तिचे सासरे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना घरात हे एकच खातं मिळालं होतं. त्यांनी तोंड मिटून मोबाइल धरला. सासूबाई, मालिनीताई, मेथीची जुडी तशीच ठेवून पुढे सरकल्या. वीट बघायला कोणाला आवडत नाही?

भांडण साधं होतं. यशश्रीच्या ऑनलाइन दुकानात सगळ्यात खपणारा माल म्हणजे हा डबा. खाली लिहिलेलं : 'गणपतीच्या नैवेद्याचे एकवीस लाडू बरोब्बर मावतात.' सोबत फोटो. त्यातले एकवीसच्या एकवीस लाडू मालिनीताईंनी स्वतः वळलेले. तरीही आधी साताऱ्याच्या एक बाई म्हणाल्या, मावत नाहीत, पैसे परत द्या. मग जळगावचे एक गृहस्थ तेच म्हणाले. यशश्रीनं पैसे दिले आणि मनात म्हटलं, लोकांचं गणितच कच्चं. आता तिसरी तक्रार चांदवडच्या लताबाईंची. ही खरी ठरली, तर ज्या वेबसाइटवर हे दुकान होतं तिच्या नियमाप्रमाणे डबा दुकानातून कायमचा उतरणार होता. आणि तांबटाकडून रोख पैसे मोजून आणलेले चाळीस डबे पलंगाखाली चकाकत पडले होते.

म्हणून तिनं फोनवर लताबाईंना ठणकावलं होतं, "मावशी, नुसतं म्हणून भागत नाही. पुरावा पाठवा."

"धाडते की," लताबाई म्हणाल्या होत्या. "खोटं बोलायची आपल्याला सवय नाय."

तर आता पुरावा समोर होता. यशश्रीनं पंचनाम्याच्या आवाजात तारीख सांगितली, वजन सांगितलं, कात्री कॅमेऱ्याला दाखवली. पुठ्ठा निघाला. आतलं जुनेराचं गाठोडं सुटलं. त्यातून डबा आला आणि डब्याशेजारी फुगलेली एक कापडी पिशवी. तिनं झाकण उचललं.

विटेला तुपाचा आणि वेलदोड्याचा वास येत नाही.

डब्यात बेसनाचे लाडू होते. अंगाला अंग लावून बसलेले, बेदाणा मिरवणारे. वर घडी केलेला कागद. यशश्रीनं तो पंचनाम्याच्याच आवाजात वाचायला घेतला, पण दुसऱ्या ओळीला आवाज उतरला.

'यशश्रीताईस लताबाईचा नमस्कार. तुम्ही पुरावा मागितला. फोटो धाडायचं मला जमत नाही, आणि फोटोचं काय, त्यात माणूस काहीही करतो. म्हणून अस्सल पुरावाच धाडते. एकवीस वळले. तेरा बसले. आठ पिशवीत आहेत. तुम्हीपण मोजा. मोजून झाल्यावर पुरावा ठेवून देऊ नका, खराब होतो. खाऊन टाका.'

यशश्रीनं मोजले. डब्यात तेरा, पिशवीत आठ. तरी ती हार मानणारी नव्हती.

"आई, आपल्या घरातला एक आणा बरं."

मालिनीताईंनी आणला आणि लताबाईंच्या लाडवाशेजारी ठेवला. लताबाईंचा लाडू मूठभर होता. मालिनीताईंचा त्याच्या कडेवर बसवावा एवढा.

यशश्रीनं वळून सासूबाईंकडे पाहिलं.

"आमच्या माहेरी असेच वळतात," मालिनीताई म्हणाल्या. "शेवटी एकवीस म्हणजे एकवीस. देव काय वजन करून घेतो?"

यशश्रीला हसू फुटलं. पदराआड हसावं म्हटलं तर ड्रेसला पदर नव्हता, म्हणून ती उघडच हसली. हसता हसता तिनं लॅपटॉपवर वेबसाइटच्या नियमांचं पान उघडलं. तक्रार मान्य करून विक्रेत्यानं वर्णन आपणहून दुरुस्त केलं, तर माल दुकानात राहतो, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते तिनं आजवर वाचलंच नव्हतं. चूक आपली असेल, अशी वेळच कधी आली नव्हती.

तिनं लिहिलं : 'सढळ हाताचे तेरा, जपून वळलेले एकवीस.' जुना फोटो काढला. मालिनीताईंनी नाक मुरडत का होईना, दोन्ही लाडू नव्या फोटोसाठी बशीत नीट मांडून दिले. यशश्रीनं फोटोसाठी मोबाइल मागितला, तेव्हा कुठे तिचं सासऱ्यांकडे लक्ष गेलं.

दिवाकररावांनी सांगितल्याप्रमाणे मध्ये एक अक्षर काढलं नव्हतं. मोबाइल अजून चालू होता, पण कधीपासून तो छताचं चित्रण करत होता. त्यांच्या दुसऱ्या हातात लताबाईंचा लाडू होता, आणि त्याच्या आधीचा एक पिशवीतून केव्हाच नाहीसा झाला होता. त्यांनी शांतपणे शेवटचा घास संपवला, बोटं पुसली आणि घसा साफ केला.

"सूनबाई, त्या बाईंचे पैसे आत्ताच्या आत्ता परत कर," ते म्हणाले. "आणि त्यांच्या खाली माझीही तक्रार नोंदवून घे. बेचाळीस वर्षांची आहे."