स्पीड झीरो

इंजिनचा पिवळा दिवा विझेना, म्हणून मंदार गाडी घेऊन नामपल्लीच्या गॅरेजात गेला. बायको शर्वरीही सोबत आली.

"भाई, बस कोड मिटा दो," तो घाईघाईने म्हणाला.

मेकॅनिक युसूफभाई स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचतच होते. "साब, कोड आया तब इंजन पाच घंटे से चालू था. स्पीड झीरो. एसी लगाको गाडी में बैठे रहते क्या?"

शर्वरी रोज सकाळी मंदारच्या हातात डबा देऊन त्याला ऑफिसला पाठवत होती.

तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. "ट्रॅफिक बहुत रहता ना, भाई."

घरी परतल्यावर लिफ्टमध्ये ती हळूच म्हणाली, "उद्यापासून डबा घरीच खात जा."