जनार्दनची हाक

"बाई, तुमच्या नवऱ्याच्या छातीतल्या चिपने हाकच मारली नाही. मग रुग्णवाहिका येणार कशी?" रुग्णवाहिका केंद्राचे कारखानीससाहेब चहा ढवळत म्हणाले.

हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे आदळला. नेटवर्कवालीची खोड म्हणून घरच्या राउटरवरून जाणारं सगळं ती साठवून ठेवायची. त्यातून टीव्ही, मोबाईल गाळून तिने जनार्दनच्या चिपची शेवटची हाक तेवढी वेगळी काढली होती.

"हीच पुन्हा पाठवते. पत्ता फक्त कोळीवाड्याऐवजी तुमच्या बंगल्याचा."

चहा संपायच्या आत साहेबांचा फोन वाजला. बायकोचा घाबरलेला आवाज हेमलतालाही ऐकू आला, "अहो, दारात रुग्णवाहिका आलीय! कुणाला काय झालं?"

"सांगा ना त्यांना," हेमलता कडाडली, "माणूस कोळीवाड्यात मेला म्हणून!"