काठोकाठ

अँजिओप्लास्टीत मी मेलो. छे, तसं काही झालं नाही. मी टेबलावर चांगला शुद्धीत होतो.

"हेपरिन सात हजार युनिट," डॉक्टर एर्मेक रक्त पातळ करायच्या औषधाचा डोस सांगत म्हणाले.

"सात हजार," नर्स चोल्पोननं पडताळणीसाठी परत म्हटलं.

"काठोकाठ भरा," तिसरा आवाज आला. माझ्या बायकोचा, बर्मेतचा. ती तर खाली, बिश्केकच्या उन्हात बसली होती. बावीस वर्षं तिनं माझी चहाची वाटी अर्धीच भरली. आम्हा किर्गिझांकडे काठोकाठ भरतात ती नकोशा पाहुण्याची, म्हणजे प्या आणि निघा.

"अहो, जास्त दिलंत तर रक्त थांबायचं नाही!" मी ओरडलो.

"दादा, गप्प पडा. घरच्यांचं ऐकावं लागतं," चोल्पोन सिरिंज भरतच राहिली.

डॉक्टरांनी मान डोलावली.

सबब, आपल्या रुग्णालयात डोस ठरवताना रुग्णाचेही मत विचारात घेण्यात यावे, ही विनंती.