गोड पाण्याचा नमुना

मिनीबस क्रूसाजवळ पोचली, तेव्हा वाडीच्या गल्लीतून एक रिकामा डंपर बाहेर येत होता. त्याला वाट द्यायला बस मागे घ्यावी लागली.

रिचेल सगळ्यांच्या आधी उतरली. काखेत गुंडाळलेला तक्ता होता. दोन संध्याकाळी बसून तिने तो रंगवला होता: वर केळी, मध्ये बावखल, त्याच्याखाली निळ्या रंगात गोड पाण्याचा थर आणि त्याहून खाली करड्या रंगात खारं पाणी. पहिल्या वर्षाच्या भूशास्त्राच्या वर्गात समुद्रकाठच्या भूजलाचा धडा आला, तेव्हा तिनेच हात वर केला होता. "मॅडम, आमच्या निर्मळच्या वाडीत बावखल आहे. पावसाचं पाणी धरून ठेवणारं तळं, जुन्या लोकांनी खणलेलं. तिथेच दाखवता येईल सगळं."

करंजाच्या झाडाखाली येऊन ती थांबली. बावखलाच्या जागी माती, फुटक्या लाद्या आणि काळे दगड पसरले होते. झाडाच्या मुळांशी एका कोपऱ्यात थोडंसं हिरवं पाणी उरलं होतं. त्यात मासे एकमेकांच्या अंगावर चढत होते.

तिचा बाप फ्रान्सिस दुसऱ्या डंपरला हाताने खुणा करत होता. "येऊ दे, येऊ दे... बस!"

"पप्पा, हे काय केलं?"

"तूच म्हणालीस ना, शनिवारी कॉलेज येणार? मोजमाप घेणार, फोटो काढणार, रिपोर्ट करणार?" त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "एकदा नोंद झाली की पाटीभर माती टाकायलाही परवानगी लागणार. मग तुझ्या भावाने, केल्विनने, घर कुठे बांधायचं? केळीच्या शेंड्यावर?"

"तो वर्गाचा रिपोर्ट होता. वीस मार्कांचा."

"रिपोर्ट तो रिपोर्ट. फिरत फिरत कुठे पोचेल, सांगता येतं?"

"आणि विहीर?"

"विहिरीला कोण हात लावतंय? मोटर विहिरीवर आहे. बावखलाचं पाणी हल्ली पितो कोण?"

"पप्पा, बावखलातून मुरतं म्हणून विहीर गोड आहे. गोड पाण्याच्या भाराने खालचं खारं पाणी दबून राहतं. वरून मुरायचं बंद झालं की—"

"बाय," फ्रान्सिस म्हणाला, "तू पहिल्या वर्षाला आहेस."

तोवर वर्ग मागे येऊन उभा राहिला होता. हेमांगी मॅडमनी हातातली मोजपट्टी पाहिली, भरावाकडे पाहिलं आणि मोजपट्टी पिशवीत परत ठेवली. त्या काही तरी बोलतील असं रिचेलला वाटलं. त्या फ्रान्सिसकडे वळल्यासुद्धा.

"आता थांबवता नाही का येणार?"

"अर्धं बावखल म्हणजे डबकं, मॅडम. डास होतात."

डंपरची पाठ वर उचलली गेली. खडखडाट झाला, धूळ बसली. कोपऱ्यातलं पाणी दिसेनासं झालं.

मॅडमनी घसा साफ केला. तीस मुलं उन्हात उभी होती आणि बस दुपारपर्यंतच होती. "बरं. समोर आहे त्याचं निरीक्षण करू. जितेश, एक दगड उचल. ओळख."

"बेसॉल्ट, मॅडम."

"कशावरून?"

"काळा, जड, बारीक कणांचा. आणि हे पांढरे स्फटिक, झिओलाइट."

"इथला आहे?"

"नाही. इथे खाली वाळू. हा हायवेपलीकडच्या डोंगरातला असणार."

"मग इथे आला कसा? वहनाची कारकं आपण शिकलोय. नदी, वारा, हिमनदी, लाटा..."

"डंपर, मॅडम."

सगळे हसले. मॅडमनाही हसू आवरलं नाही. प्रीतलने ढिगातून एक स्फटिक वेचला आणि उन्हात धरून विचारलं, "हा मी ठेवू का? कसला चमकतोय!" कोणीच नको म्हटलं नाही. मग बाकीचेही वाकून शोधू लागले.

रिचेल तक्ता न उघडता उभी राहिली.

घराच्या मागल्या दारातून तिची आई कॅथरीन कळशी आणि ग्लास घेऊन आली. इतकी माणसं दारात आलेली पाहून तिचा चेहरा फुलला होता. "मॅडम, आधी पाणी घ्या. आमच्या विहिरीचं. फिल्टर-बिल्टर काही लागत नाही. माणिकपूरचे पाहुणे येतात ना, ते जाताना बाटल्या भरून नेतात."

मॅडमनी ग्लास तोंडाला लावला. रिचेल त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मॅडमनी एका दमात ग्लास रिकामा केला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. रिचेलकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मग! अजून घ्या."

मुलांनी ओंजळी पुढे केल्या. कॅथरीन एकेकाच्या हातावर पाणी ओतत गेली. फ्रान्सिसही येऊन गटागटा प्यायला, आणि उरलेलं चेहऱ्यावर मारून परत डंपरकडे गेला.

शेवटी रिचेलने पिशवीतून नमुन्याची बाटली काढली. ती बावखलासाठी आणली होती. चिठ्ठीवर तसं लिहिलंही होतं. तिने ते खोडलं, वर 'विहीर' असं लिहिलं, खाली तारीख घातली आणि बाटली आईपुढे धरली.

"काठोकाठ भर, मम्मी. हवा राहायला नको."

"घरचंच पाणी बाटलीत?" कॅथरीन हसली. "विहीर काय कुठे पळून चाललीय?"

रिचेलने बूच घट्ट फिरवलं.