पाणाड्याचा हात

"पुरं वावर चालाचं?" उत्तमरावांनी विचारलं. "एवढ्या उन्हात?"

"पुरं," नारायण म्हणाला. "एकही चौकोन सोडाचा नाही, काका."

चांदूर बाजारजवळच्या त्या संत्र्याच्या बागेत नारायणने पहाटेपासून झाडांच्या मधून सुतळ्या ताणून चाळीस चौकोन पाडले होते. १९३४ चा वैशाख होता. जुन्या विहिरीने तळ दाखवला होता आणि तीन वर्षांची कोवळी झाडं पानं वळवून उभी होती. आठ-पंधरा दिवसांत नव्या विहिरीला पाणी लागलं नाही तर बाग गेल्यातच जमा.

ही झाडं नारायणच्या वडिलांनी, केशवरावांनी, लावली होती. लावली, आणि महिन्याभरात ते काशीला म्हणून निघाले ते परतलेच नाहीत. आपणच त्यांना बडनेऱ्याला गाडीत बसवून दिलं, असं त्यांचे धाकटे भाऊ उत्तमराव सांगत. पत्र नाही, निरोप नाही. माणिकबाई अजून कपाळभर कुंकू लावत आणि रोज कळशी कळशी पाणी झाडांच्या बुंध्याशी ओतत. नवरा येईल तेव्हा त्याला बाग हिरवी दिसली पाहिजे, एवढाच त्या माउलीचा हट्ट होता.

उत्तमराव पंचक्रोशीतले नावाजलेले पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते अनवाणी चालत, आणि खाली पाणी असलं की नारळ उभा राही. नागपूरचा सरकारी ओव्हरसिअर जिथे हात टेकी तिथे उत्तमरावांना बोलावणं जाई. वऱ्हाडातल्या निम्म्या विहिरी आपल्याच, असं ते सांगत. निम्म्या नसतील, पण वीसेक तरी खऱ्या होत्या.

नारायण अमरावतीला मास्तर होता. दोन बुकं जास्त शिकलेला, त्यामुळे गावाच्या मते दोन गोष्टी कमी समजणारा.

"तुहा इस्वास नाही ना नारळावर?" उत्तमराव म्हणाले. "मंग काहून बोलावलं मले?"

"नारळावर नाही, तुमच्या हातावर हाये." नारायण शाळेत सांगावं तसं सांगू लागला. "नारळ आपोआप उठत नाही, काका. हात त्याले उठवते. तुमी चाळीस वर्सं माती तुडवली. कुठं ओल हाये, कुठं उंबर वाढते, कुठं खडक हाये, ते तुमच्या अंगाले ठाऊक हाये. तोंडाले सांगता येत नाही, पण हात सांगते."

"अन् इचार करून चाललो तं?"

"तं हात अडते. म्हणून इचार करू नोका. नुसते चाला."

"मास्तर झाला, लेका!" उत्तमराव हसले. स्तुती कोणाला कडू लागते?

बांधावर विहीर खोदणारे दोघं बिड्या ओढत बसले होते. शालिकराम आणि पुंजाराम. नारायणने त्यांना मुद्दाम अकोल्याहून आणलं होतं. इकडे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. माणिकबाई एका झाडाच्या तोकड्या सावलीत पदर डोक्यावर ओढून बसल्या होत्या.

उत्तमराव चालू लागले. मागून नारायण, हातात वही. नारळ किती हलला याची तो प्रत्येक चौकोनात खूण करी. पहिल्या रांगेत नारळ नुसता डुलला. दुसऱ्या रांगेत, एका मोठ्या दगडाजवळ, तो टुणकन उभा राहिला.

माणिकबाई उठूनच उभ्या राहिल्या. त्यांना हुंदका आवरेना.

"झालं तं मंग," उत्तमराव म्हणाले. "खणा इथं."

"याच्याहून चांगली जागा असली तं? चाळीसही होऊ द्या, काका."

उत्तमरावांनी घाम पुसला आणि पुढची रांग धरली. नारळ डुलत राहिला, कुठे कमी, कुठे जास्त. शेवटच्या रांगेत बांधाला लागून एक चौकोन होता. तो ओलांडून ते पुढच्यात गेले.

"हा राह्यला," नारायण म्हणाला.

"तिथं खडक हाये."

"नारळ सांगन ना."

उत्तमराव थांबले. मग माघारी आले आणि त्या चौकोनाच्या मधोमध उभे राहिले. मान ताठ, नजर नारळावर. गरम वारा सुटला होता, बांधावरचा पालापाचोळा सैरावैरा उडत होता. नारळ तसूभरही हलला नाही.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "कोरडं ठाक."

"पाह्यलं."

लिहिता लिहिता नारायणच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पोराला ऊन बाधलं, असं माणिकबाईंना वाटलं.

उरलेले चौकोन भराभर झाले. उत्तमरावांनी सावलीत येऊन तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. आता त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसत होता.

"दगडाजवळच खणा," ते म्हणाले. "पंधरा हातावर पाणी लागन. वहिनी, वाचली तुमची बाग."

"लय उपकार झाले, भाऊजी. ते आले की मी सांगन त्यायले."

उत्तमराव खाली बसून पायातला काटा शोधू लागले.

शालिकराम टिकाव खांद्यावर घेऊन दगडाकडे निघाला.

"तिकडं नाही," नारायण म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्याने वही मिटली होती.

"एकोणचाळीस चौकोनांत काकाचा हात आपसूक हलला. एकातच त्याले इचार करा लागला." तो आईकडे बघत नव्हता. "शालिकराम, बांधाजवळ खणजा. अन् टिकाव हळू चालवजा. माहे बाबा हायेत तिथं."