गालाचा रंग

मास्तरांनी कॅनव्हासच्या कोपऱ्याला बोट टेकवलं. बोटाला ओला करडा रंग लागला.

"पहिल्या थरात तेल किती ओतलंत, पेंटर?"

जन्मभर पेंटरांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. तेल सढळ हाताने घातलं की पाटी चमकते, पावसाला दाद देत नाही. जित्याची खोड, दुसरं काय. पण इथे आधी नुसत्या करड्या रंगात चेहऱ्याची उजेड-सावली काढायची, तीही जेमतेम तेलात. ती खडखडीत वाळली की मगच तिच्यावर कातडीचा रंग चढवायचा. घाई केली तर चित्र तडकतं.

"आता वाट बघा," मास्तर म्हणाले. "महिना जाईल, दोन जातील."

पेंटरांकडे तेवढा वेळ होता. त्यांच्या बायकोकडे नव्हता. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. तिने आयुष्यात एकच हट्ट धरला होता. "अख्ख्या बाजाराच्या पाट्या रंगवल्यात, एकदा मला रंगवा. आणि पुरं झालेलं चित्र मला बघू द्या." त्या हट्टापायी त्यांनी या वयात शिकवणी लावली होती.

रोज सकाळी ते चित्र खिडकीत उन्हाला ठेवत. ती पलंगावरून बघून चेष्टा करी. "राखेत लोळून आल्यासारखी दिसतेय मी. अहो, रंग घालताना कंजूषपणा करू नका हं." ते हसायचे. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे आणि रडायचे.

अखेर एके सकाळी बोट कोरडं आलं. त्यांनी तिला उशांना टेकवून उजेडात बसवलं. पांढरा, पिवळा, तांबडा घेऊन गालाचा रंग कालवला. मास्तरांची शिस्त कडक होती. रंग मनाने ठरवायचा नाही. रंग कालवायच्या सुरीच्या टोकावर घ्यायचा, समोरच्या माणसाच्या गालापाशी धरायचा, जुळला तरच लावायचा.

त्यांनी सुरी धरली. तांबडा फारच झाला होता. त्यात पांढरा घातला, तरी जुळेना. सगळा खरवडून टाकला आणि तांबड्याला जवळजवळ हात न लावता नवा कालवला. मग काळ्याचा एक ठिपका घातला. मग आणखी एक. तेव्हा कुठे जुळला.

"लागला का हो रंग?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"लावतोय," ते म्हणाले, आणि ब्रश भरून चित्रातल्या करड्या गालावर ओढला. चष्मा पुसून पुढे वाकले. कुठे ओढला, ते त्यांना सापडेना.